‘झाड पाडून द्या, लाकूड तुम्हालाच’ हा सौदा घ्यायचा का? (सोलापूर आणि आसपास)

देगावकर

राम राम मंडळी. वळवाचे दोन तडाखे होऊन गेले आणि फोन थांबेनात. जुळे सोलापूर असो, विजापूर रोड असो की होटगी रोड, सगळीकडून एकच बोलणं : "गुलमोहर कलंडलाय, पाडून न्या, लाकूड तुम्हालाच." बोलणाऱ्याला मनापासून वाटतं की तो आपल्याला काहीतरी देतोय.

माझं मत पक्कं झालंय आणि तुमचंही ऐकायचंय, म्हणून हा धागा. लाकडाच्या बदल्यात काम घेणं आपण सगळ्यांनी मिळून बंद केलं पाहिजे.

वळवात शहरात पडतात ती झाडं बघा. गुलमोहर, रेन ट्री, सोनमोहर. गटारासाठी खणताना मुळं तोडलेली, चारी बाजूंनी काँक्रीट ओतलेलं, वर मात्र शेंडा पसरलेला. हे झाड घराच्या पत्र्यावर रेललेलं असतं, खाली गाडी उभी असते, मधून केबल गेलेली असते. दोर बांधून एकेक फांदी खाली उतरवायची म्हणजे चार माणसांचा अख्खा दिवस. आणि लाकूड? हलकं, वाळलं की भुसभुशीत, वखारीत कुणी हात लावत नाही. उलट बांधावरची सरळसोट रामकाठी बाभूळ पाडायला सोपी आणि लाकूड सोन्यासारखं. ती कोणी फुकट देत नाही.

मजुरी ठरते जोखमीवर आणि लाकडाचा भाव ठरतो जातीवर. ह्या दोन हिशोबांची गाठ मारली की नुकसान नेहमी दोर धरणाऱ्याचंच होतं. म्हणून पाडण्याची मजुरी रोख घ्यायची. लाकूड नेणार असू तर ते काट्यावर घालायचं आणि तेवढीच रक्कम मजुरीतून वजा करायची. बोला.

सांगोल्याचा_पाव्हणा

शंभर टक्के बरोबर मालक. आमच्याकडं तर "वर तुम्हीच काय ते द्या" म्हणतेत.

वखारवाले_आण्णा

देगावकर मालक, मुद्दा रास्त आहे. आता घेणाऱ्याची बाजू सांगतो, कारण वखारीच्या दारात रोज ह्याच गोष्टीवरून आवाज चढतो.

ओलं लाकूड घेणं म्हणजे पाणी विकत घेणं. नुकत्याच पाडलेल्या झाडात निम्म्याच्या जवळपास पाणी असतं. समजा ४५ टक्के धरलं. म्हणजे १,००० किलो माल आला तर त्यात खरं लाकूड ५५० किलो. हेच लाकूड वाळून १५ टक्क्यांवर आलं की काट्यावर साधारण ६४७ किलो भरतं. साडेतीनशे किलो उडून गेले. शिवाय वाळेपर्यंत जागा माझी अडकली, पैसा माझा अडकला, वाळवी लागली तर तीही माझीच. म्हणून ओल्याला कमी भाव मिळतो. त्यात लुबाडणूक नाही.

बाभळीला मागणी का, तेही ऐका. नीट वाळलेल्या बाभळीच्या एका किलोत ४,८०० ते ४,९५० किलोकॅलरी उष्णता असते, आणि लाकूड जड असल्यामुळे तेवढ्याच जागेत जास्त आग मावते. सुताला खळ देणारा सायझिंगवाला, सूत रंगवणारा डाईंगवाला बॉयलरच्या तोंडाशी उभा राहून हेच बघतो. ओलं लाकूड घातलं की आधी पाणी उकळतं, वाफ चढत नाही, चिमणीतून नुसता धूर निघतो आणि पाळी संपेपर्यंत टॉवेलचं सूत तसंच पडून राहतं. आता त्यातले बरेच जण पांढऱ्या कोळशाकडे वळलेत. उसाचं चिपाड, सोयाबीनचा भुसकट, तुराट्या दाबून केलेल्या कांड्या. एकसारख्या मापाच्या आणि कोरड्या. त्यांच्याशी टक्कर द्यायची असेल तर तुमचं लाकूडही कोरडं आणि मापात कापलेलं पाहिजे.

नवी_कुऱ्हाड

सगळ्यांना नमस्कार. मी मोहोळ तालुक्यातला. दोन वर्षं दुसऱ्याच्या टोळीत दोर धरला, आता झाड कापायचं स्वतःचं चेनसॉ मशीन घ्यायचंय. ऑनलाइन ५८ सीसीचं कटर मशीन लय स्वस्तात दिसतंय. दुकानात ३० सीसीचं त्याच्यापेक्षा महाग. मोठंच घ्यावं का?

कानस

नवी_कुऱ्हाड, थांब भाऊ, ऑर्डर टाकू नको. मशीन दुरुस्तीचं दुकान आहे माझं, रोज उघडून बघतो.

स्टिकरवर लिहिलेले सीसी आणि आतल्या सिलिंडरचे सीसी एकच असतील असं समजू नको. आणि सीसीपेक्षा आधी बघ की सोलापुरात सुटा भाग मिळतो का. पाच रुपयाच्या नळीसाठी हंगामात आठवडाभर मशीन पडून राहिलं तर स्वस्ताई कुठं गेली?

कामावरून मशीन ठरतं. झाडावर चढून फांद्या कापायच्या तर हलकं हवं. स्टिल (Stihl) कंपनीचं एमएस १७० हे ३०.१ सीसीचं, फांद्या आणि वीतभर जाडीला पुरतं. बांधावरची बाभूळ, निंब पाडायचा तर एमएस २५०, म्हणजे ४५.४ सीसी. चिंचेचा, वडाचा बुंधा असेल तर एमएस ३८२, ७२.२ सीसी, पण ते जमिनीवर उभं राहूनच चालवायचं. दुसऱ्या चांगल्या कंपन्यांचीही ह्याच मापात मिळतात. सुरुवातीला मधलं घे. मोठं मशीन दिवसभर धरून हाताला मुंग्या येतात आणि दुपारनंतर पकड सुटते. अपघात तेव्हाच होतात.

नवी_कुऱ्हाड

आभारी आहे दादा. पेट्रोलमध्ये ऑइल किती टाकायचं? प्रत्येक जण वेगळं सांगतोय.

कानस

कंपनीचं स्वतःचं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर १:५०, म्हणजे लिटरला २० मिली. दुसरं साधं टू-स्ट्रोक ऑइल असेल तर १:२५, लिटरला ४० मिली. अंदाजानं झाकणानं ओतायचं नाही, मापाची बाटली ठेवायची. मोटारसायकलचं इंजिन ऑइल तर अजिबात नाही.

ह्याहून मोठी गोष्ट आता पेट्रोलची आहे. पंपावर मिळतं त्यात २० टक्के इथेनॉल. ते आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांतून निघतं, उसवाल्याला पैसा मिळतो, चांगलंच आहे. पण इथेनॉल हवेतली ओल ओढून घेतं. कॅनमध्ये मिसळून ठेवलेलं पेट्रोल पावसाळी हवेत महिनाभर पडलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतं आणि तुझं ऑइल वरच्या पेट्रोलात राहतं. टाकीतली नळी तळातून ओढते. म्हणजे इंजिनात जातं ते बिनऑइलचं. पिस्टनला चरे पडतात, मशीन धरतं, म्हणजे जाम होतं. कार्बोरेटरचा पडदाही कडक होतो. पावसाळ्यात माझ्या दुकानात येणारी निम्मी मशीनं ह्यानंच आजारी असतात.

उपाय सोपा. आठवड्याला लागेल तेवढंच मिसळायचं. काम थांबणार असेल तर टाकी रिकामी करून, मशीन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवायचं. मग कोरडं करून ठेवून द्यायचं.

देगावकर

कानसदादांनी लाखाची गोष्ट सांगितली. धारेबद्दलही लिहा. पोरं बोथट चेन दाबून दाबून चालवतात.

कानस

बुंध्यातून भुसा पिठासारखा पडायला लागला की चेन बोथट झाली. धार असली की तांदळाएवढ्या ढलप्या पडतात. हे बघत राहायचं. एमएस १७० च्या बारीक चेनला ४ मिमीची गोल कानस लागते, दुव्यांचं माप .३२५ इंच असलेल्या चेनला ४.८ मिमीची. टाकी भरायला थांबलो की प्रत्येक दाताला आतून बाहेर सारखे दोन-तीन हात. एका बाजूचे दात जास्त घासले तर काप वाकडा जातो.

शहरातल्या झाडात खिळे फार असतात. क्लासच्या पाट्या, डॉक्टरच्या पाट्या, लग्नाचे फलक, दिव्यांच्या माळा. बुंध्याच्या माणसाच्या उंचीपर्यंतच्या भागात खिळा आहे असं धरूनच चालायचं. सालीवर फुगवटा किंवा काळपट ओघळ दिसला तर तिथून काप घ्यायचा नाही. देगावकर मालक, मजुरी सांगताना एका चेनचे पैसे त्यात धरत जा.

आणि चेन ज्या पट्टीवर फिरते तिच्या टोकाचा वरचा भाग कशालाही लागू द्यायचा नाही. मशीन त्याच क्षणी उलटं तोंडावर येतं. चेनब्रेक चालतो का ते रोज सकाळी बघायचं. खांद्याच्या वर मशीन धरून कापायचं नाही.

कडकभाकरी

मी ह्या धाग्यावर गिऱ्हाईक म्हणून लिहितेय. आमच्या बायकांचा गट कडक भाकरी करतो, मालदांडी ज्वारीची. गॅसवर ती चव आणि तो कडकपणा येत नाही, म्हणून अजून चूलच आहे.

आम्हाला जाळ नको, निखारा हवा. भाकरी तव्यावर भाजून झाली की चुलीच्या तोंडाशी उभी करायची, हळूहळू तिच्यातला ओलावा निघून गेला पाहिजे. बाभळीचा निखारा टिकतो आणि एकसारखा तापतो. हिवराचं लाकूडही चालतं. डाळिंबाची खोडं मिळाली तर उत्तम, बारीक असतात आणि राख कमी. सुबाभूळ भराभर जळून जाते. गुलमोहराचं तर विचारूच नका. जुन्या घराची रंग दिलेली लाकडं, प्लायवूडचे तुकडे फुकट आणून देतात, ते आम्ही घेत नाही. त्याचा धूर खाण्याच्या वस्तूला लागतो आणि चुलीपुढं बसणारीच्या छातीतही जातो.

बॉयलरवाल्यांएवढं आम्ही घेत नाही, पण भाव जास्त देतो. अट एवढीच : हातभर लांब, मनगटाएवढी जाड फोडलेली, आणि पूर्ण वाळलेली. पावसाळ्यात असं जळण मिळत नाही म्हणून दिवाळीपर्यंतचं आत्ताच भरून ठेवतो. कोणी असं तयार करून विकतच नाही. सगळे ओंडके आणून टाकतात आणि मग फोडायला वेगळा माणूस शोधा.

वखारवाले_आण्णा

ताई, तुमचं म्हणणं मी लिहून घेतलं. बाभूळ ओली असतानाच फोडली तर सरळ चिरते. वाळल्यावर कुऱ्हाड उडते. निंबाची नार गुंतलेली, त्याला घण आणि पाचर. चिंच तर फोडायच्या भानगडीतच पडू नये.

चिंचेवरून सांगतो देगावकर मालक, पाडल्या पाडल्या दोन-दोन फुटांचे तुकडे करत सुटू नका. चिंचेचा गोल बुंधा मटणवाल्यांना ठोकळ्यासाठी लागतो, जळणाच्या कितीतरी पट देतात. सरळ बाभूळ असेल तर औताला, दांड्याला, गाडीच्या कामाला सुतार घेतो. आधी बुंध्याकडे बघायचं, मग मशीन लावायचं.

माळावरचा

चिंचेचा विषय निघालाच आहे तर कायदा लिहितो. १९६४ चा महाराष्ट्र वृक्षतोड अधिनियम आहे. त्याच्या अनुसूचीत चिंच, आंबा, जांभूळ, साग, खैर, चंदन, मोह, फणस अशी झाडं आहेत. शेत स्वतःचं, बांध स्वतःचा असला तरी ह्यांना परवानगी लागते. बाभूळ आणि कडूनिंब त्या यादीत नाहीत. शहरात मात्र १९७५ चा वेगळा कायदा आहे, तिथं जात कुठलीही असो, महापालिकेच्या वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्यावी लागते. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षांवरचं झाड वारसा वृक्ष धरतात, आणि ते तोडायचं तर त्याच्या वयाइतकी झाडं लावावी लागतात.

मालक म्हणतो "मी बघून घेतो, तुम्ही पाडा". पण जागेवर सापडतो तो मशीन धरलेला माणूस आणि त्याचा टेम्पो. परवानगीचा कागद डोळ्यांनी बघितल्याशिवाय दोर टाकू नका.

वायरमन_बाळे

लाइनवर नोकरी करून निवृत्त झालो. एकच गोष्ट हात जोडून सांगतो. तारेजवळच्या फांदीला फोनवरच्या "बंद केलीय, कापा" वर विश्वास ठेवायचा नाही. ११ केव्हीच्या (११ हजार व्होल्टच्या) तारेला फांदी लागायचीही गरज नसते, जवळ गेली तरी वीज उडी मारते. ओली फांदी, ओला दोर, ॲल्युमिनियमची शिडी, सगळ्यांतून करंट येतो. घराघरांत इन्व्हर्टर आणि जनरेटर आहेत, त्यामुळे बंद लाइनमध्येही मागून वीज येऊ शकते.

महावितरणच्या कार्यालयातून रीतसर परमिट घ्यायचं. वायरमन जागेवर आला पाहिजे, त्यानं तार तपासून अर्थिंगचा रॉड लावला पाहिजे, आणि तुमचं काम संपून माणसं खाली उतरेपर्यंत तो तिथंच थांबला पाहिजे. पावसाळ्यापूर्वी महावितरण स्वतःही तारांखालच्या फांद्या छाटतं, घरमालकाला आधी तिकडं अर्ज करायला सांगा. अर्धी धोक्याची कामं तिथंच मिटतात.

नवी_कुऱ्हाड

काका, हे आजपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. आमच्या टोळीत बांबूनं फांदी हलवून बघायचे, ठिणगी पडली नाही की चढायचे.

वायरमन_बाळे

बाळा, ते आजपासून बंद कर. आणि टोळीतल्या प्रत्येकाचा बँकेत जाऊन प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढ. वर्षाला २० रुपये, १८ ते ७० वय, अपघाती मृत्यूला २ लाख. २० रुपयांसाठी कुणाचं घर उघड्यावर पडू नये. पण खात्यात तेवढी शिल्लक ठेवत जा, हप्ता आपोआप कापला जातो, शिल्लक नसली की विमा बंद पडतो.

माळावरचा

आता माझा जिव्हाळ्याचा मुद्दा. मी नान्नजच्या बाजूचा. शेती करतो आणि लहानपणापासून माळ बघतोय.

मे महिन्यात तुम्ही सगळे झाडांवर चढता तेव्हा त्या झाडांवर कोण राहतं? पोपट आणि पिंगळे ढोल्यांत माघापासून चैत्रापर्यंत अंडी-पिल्लांवर असतात. कावळ्यांची घरटी वैशाख-ज्येष्ठात. पाऊस लागला की बगळे चिंचेवर, रेन ट्रीवर वस्ती करतात आणि विहिरीवरच्या बाभळीला सुगरणीचे खोपे लागतात. बगळ्यांच्या घाणीला कंटाळून लोक आषाढ-श्रावणात शेंडा छाटायला बोलावतात, आणि पिल्लं टपाटप डांबरावर पडतात. ते काम घेऊ नका ही माझी कळकळीची विनंती आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात बसत नाही हे एक. दुसरं म्हणजे दोन-अडीच महिने थांबलं तर पिल्लं उडून जातात आणि तेच काम तुम्हालाच मिळतं.

झाडं सगळ्यात मोकळी असतात ती कार्तिक-मार्गशीर्षात. फक्त घार तेवढी थंडीतच काड्या जमवायला लागते, तिचं घरटं आधी बघून घ्यायचं. छाटणी तेव्हा करा. वळीव यायला पाच-सहा महिने अवकाश असतो, वाऱ्यानं पडणारा भार आधीच उतरलेला असतो.

वखारवाले_आण्णा

माळावरचा, तुम्ही पक्ष्यांचं बोललात आणि माझा सगळा हिशोब त्यात आला. मार्गशीर्षात कापलेलं आणि लगेच फोडलेलं लाकूड सोलापूरच्या उन्हात होळीपर्यंत खडखडीत होतं. म्हणजे उन्हाळ्यात वाळलेल्याच्या भावानं विकता येतं, आणि पावसाळ्यात तर मागाल तो भाव. मे महिन्यात कापलेलं जूनमध्ये भिजतं, बुरशी धरतं आणि दिवाळीशिवाय कामाचं राहत नाही. एकच झाड, फक्त महिना बदलला.

देगावकर

हे मला मनापासून पटलं. अडचण अशी की नोव्हेंबरात कुणी फोन करत नाही. लोकांना झाड आठवतं ते पत्र्यावर फांदी आपटल्यावर.

पण ह्यावर काम करता येईल. मे महिन्यात ज्यांचं काम करतो त्यांचे नंबर माझ्याकडे आहेत. दिवाळी झाली की सगळ्यांना निरोप टाकायचा : आत्ता छाटणी केली तर मजुरी कमी, कारण घाई नाही, वारा नाही, तारांचं परमिट निवांत मिळतं. सोसायट्यांशी वर्षाची बोली करता आली तर अजून उत्तम. टोळीला थंडीतही काम मिळेल, पोरं ऊसतोडीला निघून जाणार नाहीत.

आणखी एक. "डोकंच उडवा" म्हणणाऱ्यांना नाही म्हणायला शिका. शेंडा सपाट कापला की बुंध्यावरून दाट फुटवे येतात, ते नुसते सालीला चिकटल्यासारखे असतात आणि तीन-चार वर्षांत वाऱ्यानं सोलून निघतात. फांदी काढायची ती तीन कापांत. आधी खालून तिसऱ्या हिश्शापर्यंत काप, मग जरा पुढं वरून. फांदी साल न सोलता पडते. उरलेला ठोंब बुंध्याजवळच्या फुगवट्याच्या बाहेरून काढायचा. तो फुगवटा शाबूत राहिला तर झाड जखम स्वतः भरून काढतं.

बार्शीकर

वन्यजीवांचं चाललंय म्हणून लिहितो. डिसेंबर २०२४ मध्ये येडशीच्या रामलिंग घाट अभयारण्यात वाघ कॅमेऱ्यात आला, थेट विदर्भातल्या टिपेश्वरहून चालत आलेला. पुढं तो आमच्या बार्शी तालुक्यातही फिरला. तेव्हापासून बालाघाट डोंगराच्या बाजूच्या शिवारात आम्ही सूर्य मावळायच्या आत मशीन बंद करतो. वाकून लाकडं गोळा करणारा माणूस लांबून जनावरासारखा दिसतो. करमाळ्याला डिसेंबर २०२० मध्ये बिबट्याला ठार करावं लागलं, त्याआधी माणसं गेली होती. कानावर मशीनचा आवाज असला की मागचं काही ऐकू येत नाही, म्हणून एक माणूस नुसता नजर ठेवायला उभा करतो.

काही दिसलं तर १९२६ वर फोन करा, वनविभागाचा नंबर आहे. फटाके, दगड, पाठलाग नको.

सांगोल्याचा_पाव्हणा

वाघ लांबच राहू दे बार्शीकर, आमचा रोजचा वैरी आग्या मोहोळ. पाण्याच्या टाकीखाली नाहीतर उंच झाडाच्या आडव्या फांदीला. मशीनच्या आवाजानं आणि पेट्रोलच्या वासानं उठतंय. चढायच्या आधी झाडाला पूर्ण फेरी मारून वर बघायचं, मोहोळ दिसलं तर त्या दिवशी ते झाड सोडून द्यायचं. आणि रचलेल्या लाकडात हात घालताना आधी काठी. उंदरामागं घोणस येती. चावली तर मंत्रातंत्राच्या नादी न लागता सरळ सिव्हिल.

ताईंसाठी : आमच्या तालुक्यात तेल्या आणि खोडकिड्यानं डाळिंबाच्या बागा उपटून टाकल्यात. खोडं बांधावर पडून हायत, लोक जागेवर पेटवून देतेत. वाळलेली, बारीक, फोडायचीबी गरज नाही. गाडी भरून आणायची कुणी ठरवली तर मी गाठ घालून देतो.

कडकभाकरी

दादा, जागेवर पेटवू नका म्हणावं, आम्ही घेतो. एक विचारते, त्या बागांवर औषधं फार मारलेली असतात. खोडं किती दिवस पडून आहेत?

सांगोल्याचा_पाव्हणा

बरोबर विचारलंत ताई. दोन पावसाळे खाल्लेली, साल गळून गेलेली खोडं हायत. नुकतीच उपटलेली देणार नाही.

माळावरचा

वेड्या बाभळीबद्दल कुणी बोललं नाही. नान्नजचं अभयारण्य १९७९ मध्ये झालं ते माळढोकासाठी. आज माळढोक दिसत नाही म्हणण्यासारखीच वेळ आली आहे. काळवीट आहेत, लांडगा आहे, खोकड आहे. ह्या सगळ्यांना उघडं गवत लागतं. वेडी बाभूळ माळात घुसली की गवत जातं, दाट काटेरी जाळी होते आणि माळ संपतो. तुमच्यासारखी माणसं ती खासगी रानातून काढतात तेव्हा जळण मिळतं आणि माळही मोकळा होतो. झाड तोडून माळाचं भलं होतं असं हे एकच काम.

पण जमिनीलगत कापून सोडू नका. ठोंबातून दहा फुटवे येतात. मुळाचा गड्डा मातीखाली वीत-दीड वीत खणून काढला तरच मरते. अभयारण्याच्या आणि वनविभागाच्या जमिनीवर मात्र त्यांच्याशिवाय कुणीही पाऊल टाकायचं नाही. आणि रानात लांडग्याची बिळं आधी बघा. थंडीत पिल्लं असतात. बीळ दिसलं तर तेवढा तुकडा सोडा.

कानस

वेडी बाभूळ काढणाऱ्यांनी जाड तळव्याचे बूट घाला. काटा चपलेतून आरपार जातो आणि आत मोडला की पू धरतो. ट्रॅक्टरच्या टायरचंही तेच, म्हणून पंक्चरचा खर्च हिशोबात लिहून ठेवा.

नवी_कुऱ्हाड

कानसदादा, शेवटचं. बुंध्यात पट्टी अडकू नये म्हणून पाचर ठोकतात ती लोखंडी चालेल का?

कानस

लोखंडी पाचर फक्त फोडताना. मशीन चालू असताना बाभळीच्या लाकडाची किंवा प्लास्टिकची. चेन लोखंडाला लागली की दात गेले आणि तुकडा डोळ्यात. चष्मा घे. पहिलं मशीन घेतोयस तेव्हा शिरस्त्राण आणि चष्मा त्याच बिलात घे.

देगावकर

एवढ्या चर्चेतून मी माझ्यापुरतं ठरवलंय, ते इथं मांडतो. ज्यांना पटेल त्यांनी उचलावं. काम बघायला गेलो की अर्ध्या कागदावर लिहून मालकाची सही घ्यायची. झाडाची जात आणि परवानगी कुणाच्या नावानं. तार जवळ असेल तर परमिट कोण आणणार. पाडण्याची मजुरी रोख, काम संपल्या दिवशी. पाला-डहाळ्या उचलणं वेगळं, त्याचे पैसे वेगळे. लाकूड मालकाला हवं असेल तर त्याचंच, आम्हाला द्यायचं असेल तर काट्याच्या पावतीवर ओल्या भावानं. घरटं किंवा मोहोळ निघालं तर काम पुढं ढकलणार, त्याबद्दल मजुरी कापायची नाही.

एकट्यानं हे केलं तर गिऱ्हाईक दुसऱ्याकडे जाईल. इथले दहा-बारा जण जरी ह्यावर ठाम राहिले तरी पुढच्या वळवापर्यंत लोकांना सवय होईल.

सांगोल्याचा_पाव्हणा

मी आहे.

बार्शीकर

बार्शीत आम्ही तिघं टोळीवाले आहोत, दोघांशी बोलून सांगतो.

वखारवाले_आण्णा

माझ्याकडून एक. जो माल मापात, फोडलेला आणि वाळलेला आणेल त्याला मी वाळलेल्याचाच भाव देईन, आणि काट्यावर त्याला उभं करून वजन करीन. शंका असेल तर मधोमध कापून बघू, आत ओल आहे की नाही ते लगेच कळतं.

कडकभाकरी

देगावकर दादा, तुमच्याकडे मागच्या थंडीतली बाभूळ शिल्लक आहे का? आषाढीच्या आधी एक टेम्पो हवाय. मापाचं वर लिहिलंच आहे. पैसे रोख.

देगावकर

आहे ताई, पत्र्याच्या शेडखाली रचलेली. दोन दिवसांत हातभर कापून फोडून घेतो. शनिवारी सकाळी काट्यावर या, रिकामा टेम्पो आधी तुमच्यासमोर तोलू, मग भरू.